विंचरलेली कातडी
जेमायमाच्या घरातली चांगली खोली जन्मभर बीव्हर या पाण्यातल्या प्राण्याच्या केसाळ कातड्यांनी अडवली. जेम्स उपसागरावर रानहंस उतरले की पाठोपाठ व्यापारी यायचा. तोवर तिचा नवरा वाळलेली कातडी तिथे गारव्याला रचून ठेवायचा आणि रोज विंचरायचा, तेही तिच्याच फणीने. “माझ्याकडे कधी इतकं बघितलं नाहीस, म्हाताऱ्या!” “ती उलट बोलत नाहीत,” तो म्हणायचा. यंदा त्याची नजर गेली. बीव्हर धरायचे सापळे पुतण्याला दिले, शेवटची कातडी काल व्यापाऱ्याने नेली. आज म्हातारा रिकाम्या खोलीत फणी धरून बसला, जेवायलाही उठेना. जेमायमाने दोनदा हाक मारली. मग त्याच्यापुढे पाठ करून बसली आणि वेणी सोडली. “घे, विंचर.” तो चाचपडत विंचरू लागला. कातड्याचा दर्जा बघताना घालतात तशी त्याने केसांत फुंकर घातली. “मोसम सरल्यावरचा माल वाटतोय.” “विंचर तू. विकायला कोण निघालंय?”