सहा फुटी काठी

अपघातानंतर इनगा पहिल्यांदाच व्हीलचेअरवरून चिप्पेवा तळ्याकाठच्या मासेमारीच्या दुकानात आली आणि तिने मस्की या मोठ्या शिकारी माशासाठी सहा फुटी गळाची काठी मागितली.

"हल्ली सगळे आठ फुटी नेतात," दुकानदार रॉल्फ सोबत आलेल्या तिच्या नवऱ्याकडे बघत म्हणाला. "गळ लांब जातो."

"ते उभे असतात. मला बसून आमिषाचा लाकडी मासा झटके देत ओढायचाय. झटका खाली द्यावा लागतो. आठ फुटीचं टोक पाण्यावरच आपटेल. आणि माझ्याशी बोल, रॉल्फ. पाय गेलेत माझे, कान नाही."

नवरा हार्लन हळूच म्हणाला, "धक्क्यावर बसून छोटे मासे धरू ना. मस्कीनं ओढलं तर होडीतून पाण्यात जाशील."

"मग उडी मारून काढ मला."

शनिवारी त्यानं तिला उचलून होडीत बसवलं. सकाळभर ती गळ फेकत राहिली. लाकडी मासा झटक्यासरशी डावीकडे वळे, पुन्हा उजवीकडे. दुपारी त्याच्यामागून चार फुटांचा मस्की पार होडीपर्यंत आला, क्षणभर थबकला आणि वळून खोल पाण्यात गेला.

"जाऊ दे गं," हार्लन म्हणाला. "रडू नकोस."

"मासा गेला म्हणून नाही रडत," इनगानं डोळे पुसले आणि पुन्हा काठी उचलली. "इथवर आला, हार्लन. मी बसलेय, हे त्याला कळलंसुद्धा नाही."