करंगळीचा डाग

माझ्या जुन्या वळणाच्या ल्यूटला, या युरोपीय तंतुवाद्याला, मेंढीच्या आतड्याच्या तारा आहेत. तासाभरात त्या सुरातून उतरतात आणि रुसून बसतात. कामावरून आलो की आधी त्यांची मनधरणी. या आठवड्यात मात्र त्या मला आयत्या सुरात मिळू लागल्या.

वाजवताना करंगळी लाकडावर टेकते, तिथे माझा डाग पडलाय. काल संध्याकाळी त्याच्या शेजारी दुसरा दिसला.

"तू हात लावलास का?" मी बायकोला विचारलं.

"मी कशाला लावू? पण आज दुपारी काय वाजवलंत हो. रडूच आलं मला. इतकी वर्षं कुठे होतं हे?"

दुपारी मी कामावर होतो.

आज लवकर परतलो. आतल्या खोलीत ल्यूट वाजत होती. दाराशी डोळे मिटून बसलेल्या बायकोने माझ्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "जरा थांबा. आमचे हे वाजवतायत."