तपासलं, माल ठीक

“आता काय दाबू?” बाबांनी विचारलं.

“तुम्हाला काय वाटतं?” मुलगी म्हणाली.

संगणकावरच्या स्क्रीन आखायच्या तिच्या कामात हाच नियम होता. नवी स्क्रीन वापरून बघणाऱ्याला मदत करायची नाही. तो अडला, चुकला, वैतागला तरी आपण मूग गिळून बसायचं आणि कागदावर टिपून घ्यायचं. आपण बोट दाखवलं की स्क्रीनची खोट झाकली जाते, असं ती ऑफिसात नव्यांना बजावायची.

लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर होता. पंपांच्या कारखान्यातले चाळीस हजार सुटे भाग त्यात भरले होते. कारखान्यात विभाग, विभागात पंप, पंपात झडप, झडपेत वॉशर, असं एकाच्या पोटात एक. त्याच कारखान्याचं स्टोअर बाबांनी चौतीस वर्षं सांभाळलं होतं. कुठला भाग कुठल्या खणात, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. हे काम हाती आलं तेव्हा तिला वाटलं, आपला परीक्षक घरातच बसलाय.

आणि पहिल्या दोन रविवारी परीक्षकाने तिची चांगलीच हजेरी घेतली होती. इतक्या आत शिरलेल्या माणसाला आपण कुठल्या दारानं आलो ते दिसायला नको का, असं त्यांनी विचारलं. तेव्हापासून स्क्रीनच्या माथ्यावर, कुठून कुठे आलो ते दाखवणारी पट्टी दिसू लागली. ऑफिसातल्या साहेबांनी त्या पट्टीचं तोंडभरून कौतुक केलं, आणि ती कुणाची कल्पना हे तिने सगळ्यांना सांगितलं होतं.

आज नववा रविवार. काम तेच, चार नंबरच्या पंपाचा रबरी वॉशर शोधायचा. बाबा पंपापर्यंत गेले आणि थांबले. माथ्यावरची पट्टी त्यांनी बोट ठेवून वाचली.

“हे मी उघडलं?”

“हो.”

“कशासाठी?”

तिच्यासमोरच्या कागदावर वर काम लिहिलं होतं आणि खाली तीन रकाने होते. अडचण, कारण, शेरा. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, रंग फिका. मागच्या रविवारी लिहिलं होतं, अक्षरं बारीक. त्याआधी, बटणं फार जवळ. दर वेळी ती एक कारण शोधायची, आठवडाभर राबून ते काढून टाकायची, आणि रविवारी बाबा आणखी एक पायरी अलीकडे अडायचे. ऑफिसात सगळे म्हणत होते, आता पुरे कर, इतकी सोपी स्क्रीन आपण आजवर केलेली नाही. तिला ते ऐकायचं नव्हतं. खोट स्क्रीनमध्ये असली तर ती काढता येणार होती.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आई मटार सोलत होती. तिने उभ्या जन्मात कारखान्याचं फाटक ओलांडलं नव्हतं. टरफलं गोळा करायला ती उठली, जाता जाता बाबांच्या खांद्यावरून वाकली आणि काय शोधताय म्हणून तिने कागदावर वाचलं. मग हात पुसून तिने झडप दाबली, त्यात वॉशर दाबला.

“हा काय, इथेच तर आहे,” ती म्हणाली आणि टरफलं घेऊन आत गेली.

मुलीने पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली. बाबांकडे तिला बघवेना.

बाबांनीच कागद आपल्याकडे ओढला. ‘रंग फिका’ हे शब्द त्यांनी एका सरळ रेघेने खोडले.

“रंग चांगला आहे,” ते म्हणाले. “तुझ्या स्क्रीनमध्ये खोट नाही, बाळा. आता बदलत बसू नकोस.”

अजून एकदा करून बघू, असं ती म्हणाली. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“चौतीस वर्षं आलेला माल तपासलाय मी. चांगला माल मला कळतो.”

मग स्टोअरमध्ये आलेल्या प्रत्येक खोक्यावर लिहायचे तसं त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात ठसठशीत लिहिलं, तपासलं, माल ठीक. खाली सही केली. सही तीच होती, शेवटच्या अक्षराला शेपूट काढलेली. सहीखाली तारीख टाकल्याशिवाय त्यांनी कधी एकही खोकं आत घेतलं नव्हतं. पेन्सिलचं टोक तिथे टेकलं आणि तसंच राहिलं.

त्यांनी वर पाहिलं. “आज तारीख काय गं?”

‘तुम्हाला काय वाटतं?’ हा नेहमीचा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता. तो तिने गिळला आणि तारीख सांगितली. मग महिना सांगितला. बाबा अजून वाट बघत होते, म्हणून सालही सांगितलं.