श्वास रोखा

"आजी, श्वास रोखा म्हणजे घ्यायचा नाही. एवढं सोपं आहे," डॉक्टर उत्कर्षा तिसऱ्यांदा खेकसली.

कसबा पेठेतल्या नसीमबानूंच्या यकृतात पू साचला होता. सोनोग्राफीवर बघत सुई घालायची, मागोमाग नळी. पण पडद्यावर पुवाचं काळं डबकं सारखं वरखाली होत होतं.

"मॅडम, त्यांनी रोखलाय," टेक्निशियन दत्तप्रसाद म्हणाला. खरंच, म्हातारीचं पोट निश्चल होतं.

"मग मशीन बिघडलंय!" तिने वैतागून नसीमबानूंच्या पोटावरचा प्रोब उचलून ट्रेमध्ये टाकला.

डबकं पडद्यावरून गेलं नाही.

उत्कर्षाने सावकाश श्वास सोडला. ते खाली गेलं. घेतला. वर आलं.

तिने श्वास रोखला.

पडद्याकडेच बघत दत्तप्रसाद म्हणाला, "थांबलं एकदाचं! टोचा, मॅडम."