कुडापलीकडचा हात

सफोकमधल्या त्या जुन्या शेतघराचा सांगाडा ओकचा आणि छप्पर गवताने शाकारलेलं. मागच्या कुडाला आरपार भोक पडलं होतं. ते बुजवायला मी शाळेतली मुलं नेली; ती मला हॉबडे आजोबा म्हणतात. कूड दोघांनी लिंपायचा असतो, एकाने आतून, एकाने बाहेरून, हातासमोर हात ठेवून.

"टॅम्सिन, तू इथेच बाहेर, भोकापाशी थांब. मी आत जातो."

पुढच्या दाराचं कुलूप लवकर उघडेना. मी किल्ली फिरवत असतानाच घराच्या मागच्या बाजूने तिचं हसणं ऐकू आलं.

"हॉबडे आजोबा, केवढ्या जोरात दाबता! आणि म्हणे म्हातारे!"

मी आत गेलो. खोली रिकामी होती. मागची भिंत सपाट, खडखडीत कोरडी. भोक कुठेच नव्हतं.

पलीकडे टॅम्सिन आता हसत नव्हती.

"आजोबा, पुरे ना. हात सोडा माझा."