ट्रेबल चारवर

अयूबच्या मुलीचं, महरीनचं, लग्न ठरलं ते २०२३ साल. त्या वर्षी ऑक्टोबरात, एका शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटपून अयूब घरी आला तेव्हा नितेश पडवीत लॅपटॉप उघडून बसला होता. समोर अयूबच्या गिटारचा प्रोसेसर वायर जोडून ठेवलेला. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, पण आत पन्नास जुन्या अँप्लिफायरचे आवाज भरलेले.

"नवीन अपडेट आलंय, अयूबभाई. टाकून देतो."

"लोक काय म्हणतात?"

"नेटवर दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात, आवाजावरचं फडकं निघालं. अर्धे म्हणतात, काही नाय, नुसती नावं बदललीत."

"आणि वाजवतो कोण त्यातला?"

"वाजवायला वेळ कुठाय त्यांना," नितेश म्हणाला.

अयूब हसला आणि आत टोपी ठेवायला गेला.

अपडेट हे निमित्त होतं. दोघं एकाच ऑर्केस्ट्रात वाजवत, अयूब बावीस वर्षं, नितेश बारा. मालक शुभंकरने आदल्या दिवशी नितेशला बाजूला घेऊन सांगितलं होतं: अयूबभाईंची गिटार कानात खिळ्यासारखी घुसते, लोक उठून मागे जातात. गुहागरच्या कार्यक्रमात पुन्हा तसंच झालं, तर मी दुसरा माणूस बघतो. त्यांना तू सांग, मला तोंड नाही.

नितेशलाही तोंड नव्हतं. गिटार त्याला अयूबनेच शिकवली होती. अपडेट पूर्ण झालं तसा त्याने आवाजाची धार वाढवणारा ट्रेबलचा नॉब नऊवरून चारवर आणला आणि तो आवाज सेव्ह करून ठेवला.

अयूबने गिटार घेतली. चार सूर वाजवले. थांबला.

"कांबळं टाकलंस काय रे यावर?"

"अपडेटने थोडं इकडेतिकडे होतं. कानाला सवय होईल."

अयूबने चष्मा लावला आणि पेटीवर वाकला. "हे नऊवर होतं."

"नव्यात आकडे बदललेत. आताचं चार म्हणजे आधीचं नऊ."

अयूबने त्याच्याकडे पाहिलं. मग जाड्या तारेवर बोट ठेवलं आणि तार न छेडता नुसतंच खाली सरकवलं.

ही त्याची जुनी रीत. बोट सरकताना तारेचा चिर्र असा बारीक आवाज येतो. तो ऐकू येईपर्यंत ट्रेबल वाढवायचा. ऐकू आला की आवाज लागला. नितेशलाही त्याने हेच शिकवलं होतं.

त्याने पुन्हा बोट सरकवलं.

"तार बोलत नाय," तो म्हणाला.

नितेश लॅपटॉपकडे बघत राहिला.

"महरीन, इकडे ये गो."

महरीन कोलंबी सोलत होती. तशीच ओल्या हातांनी दारात आली.

"तिकडे तोंड कर. तारेचं चिर्र ऐकलंस की हात वर कर."

"अब्बा, कोलंबी तशीच पडलीय. मांजर..."

"मांजराला नितेशकाका बघेल. फिर तिकडे."

ती पाठमोरी उभी राहिली. अयूबने बोट सरकवलं. तिचा हात वर गेला. त्याने बोट उचलून नुसतं हवेत धरलं. हात खाली आला आणि खालीच राहिला. त्याने पुन्हा सरकवलं, या वेळी अगदी हळू. हात वर गेला. मनगटावरून पाण्याचा थेंब कोपरापर्यंत ओघळला.

अयूबने असं सहा वेळा केलं. सहाही वेळा तो आवाज ऐकायला मान कलती करून बसला. मग गिटार मांडीवर आडवी ठेवली.

एकतीस वर्षं त्याने मिरकरवाड्याच्या बंदरात लाँचची इंजिनं दुरुस्त केली होती. चालू इंजिनाला कान लावून तो बिघाड सांगत असे. लोक दाभोळहून त्याला बोलवायला येत.

"तुला कधीपासून ठाऊक?" त्याने महरीनला विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील. फोनची रिंग तुम्हाला ऐकू येईना, तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस."

ती पदराला हात पुसत उभी राहिली.

अयूब नितेशकडे वळला. "शुभंकर काय म्हणाला?"

नितेशने सांगितलं. दुसऱ्या माणसाचंही सांगितलं.

"चाराचे नऊ," अयूब म्हणाला. "नित्या, तुला वजनकाट्यावर बसवायला हवा होता."

"मला दुसरं सुचलं नाय, अयूबभाई."

"तुझ्या कानाला चार बरोबर वाटतं?"

"बरोबर आहे."

"मला यात माझाच हात ऐकू येत नाय."

नितेशने लॅपटॉप मिटला. आत काहीतरी सांडल्याचा आवाज आला आणि महरीन धावत गेली.

"बघा, आलं मांजर," नितेश म्हणाला.

"हो काय?" अयूब म्हणाला.

थोड्या वेळाने तो उठला. कोपऱ्यातल्या हत्यारांच्या पेटीतून त्याने काळी चिकटपट्टी काढली, दातांनी एक तुकडा तोडला आणि नितेशच्या हातात दिला.

"डिसेंबरात ही सासरी दापोलीला जाईल. मग हात कोण वर करणार? लाव तू."

नितेशने चारवरच्या नॉबवर पट्टी लावली. अयूबने ती अंगठ्याने चारही बाजूंनी दाबून बसवली. मग त्याने गिटार घेतली आणि गुहागरला म्हणायची सगळी गाणी एकामागून एक वाजवली. तो नितेशच्या तोंडाकडे बघत वाजवत होता.

अयूब २७ जानेवारी २०२५ रोजी, सोमवारी सकाळी, वारला. नॉबवरची पट्टी तशीच होती.