नळीतला दोरा

मी सलिमा सिस्टर. सातपूरच्या कारखान्यांत चिरलेले कितीतरी हात डॉ. गायधनींनी शिवले, तेव्हा ऑपरेशनला शेजारी मीच असायचे. सर न बघता तळहात पुढे करत आणि मी दोरा ठेवत असे. त्यांना कधी मागावा लागला नाही.

सर गेले. पुढे नाशिकच्या हॉस्पिटलात संग्रहालय झालं, तेव्हा त्यांच्या टाक्यांच्या दोऱ्याची शेवटची सीलबंद काचनळी मांडायचा मान मलाच मिळाला.

“सिस्टर, यातला दोरा रोज आखूड होतोय,” संग्रहालयाची देखभाल करणारा उमर म्हणाला.

“सील बघ आधी, शाबूत आहे. माझ्या हातची नळी आहे ती!”

पुसायला मी नळी कपाटाबाहेर काढली. कपाटाच्या काचेत माझ्या खांद्यामागून हातमोजा घातलेला तळहात पुढे येताना दिसला. उमर तर शेजारी उभा होता.

मी ताठ मानेने, मागे न वळता, नळी मागे नेली आणि सोडली.

ती खाली पडली नाही.